पर्लबाईचा कप

त्या ग्रंथालयात जायचं माझ्या मनात नव्हतं. खरं सांगायचं तर ज्या ठिकाणी फुकट वाइन देतात आणि वर 'तुम्ही नुसते या, काही करावं लागणार नाही' म्हणतात, त्या ठिकाणावर माझा विश्वास नाही. या देशात मला साठ वर्षं होऊन गेली. कोणी गोड आवाजात बोलावलं की मागून कागद पुढे येतो, हे मी बघितलेलं आहे.

पण बोलावणं शालनच्या नावानं आलं होतं. शालन म्हणजे माझी बायको. गेल्या दिवाळीनंतर गेली. बोलावणं आलं तेव्हा तिला जाऊन सात महिने झाले होते, आणि मी अजून कुठल्या आठवड्यात कुठला कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा हे शेजाऱ्याचा बघून ठरवत होतो. ते सगळं तिला पाठ असायचं. आमची मेधा, मुलगी, रविवारी येते आणि आईच्या टॅबलेटवर काय काय आलंय ते बघते, बिलं भरते. ती म्हणाली, "बाबा, आईनी या लोकांना रिप्लाय केला होता. आर्टिस्ट आहे कोणीतरी, ब्लॅक आहे, लंडनच्या रिसर्च लायब्ररीत तिची इव्हिनिंग आहे. तुम्हाला बोलावलंय."

"मला? मला कशाला?"

"तुम्ही ईलिंगला राहायचे ना लहानपणी? ती घर तिच्या आजीची होती. तिथे राहिलेले लोक ती शोधत होती."

मेधाचं मराठी असंच आहे, इथेच जन्मली. पण त्या वाक्यातलं मला जे कळायचं ते कळलं. माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

ते घर पर्लबाईचं. जमैकाची बाई, हॉस्पिटलात कामाला. पर्ल तिचं नाव, बाई आईनं लावलं. मी तेरा वर्षांचा असताना आम्ही तिथं आलो, आप्पा, आई आणि मी. आप्पा आमच्याआधी दोन वर्षं इथं होते, पावाच्या कारखान्यात. आम्ही येणार म्हणून त्यांनी खोल्या शोधल्या तेव्हा कोणी दिल्या नाहीत. गोऱ्यांनी दिल्या नाहीत, आणि आपल्यातल्या एका पंजाब्यानं दिलेली खोली बघून आप्पाच परत आले, त्यात आधीच नऊ माणसं होती. पर्लबाईनं मात्र दार उघडलं, आप्पांच्या बुटांकडे बघितलं, बूट पुसलेले होते, आणि म्हणाली, वरच्या दोन खोल्या आहेत, जिन्यात शिजवायची सोय आहे. एवढंच. हे आप्पा पुढं कितीतरी वेळा सांगायचे, आणि आई दर वेळी म्हणायची, "काहीतरी असेल तिच्या मनात. उगाच कोण देतं?"

माझा संशयी स्वभाव कुठून आला हे आता कोणी विचारायला नको.

त्या घराचे आवाज मला अजून येतात. पॅराफिनचा, म्हणजे रॉकेलचा, हीटर रात्रंदिवस गुडगुड करायचा, पोटात वारा धरल्यासारखा. खाली समोरच्या खोलीत पर्लबाईचा मोठा रेडिओग्राम होता, त्यावर रविवारी सकाळी चर्चची गाणी लागायची आणि ती त्यांच्याबरोबर गायची, उंच नाही, दाबून, कामात हात असताना गातात तसं. जिन्याची सातवी पायरी करकरायची. आणि जिन्यात तिची मुलगी डोरीन बसलेली असायची. आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर पुस्तक. ती उठायची नाही. आम्हीच पाय उचलून तिला ओलांडून जायचो. आई रोज पुटपुटायची, "पोरीला वळण नाही." पोरगी वर बघायची आणि सगळं समजल्यासारखी परत पुस्तकात जायची.

आईची चूल म्हणजे जिन्याच्या वरच्या टोकाला एक गॅसची शेगडी आणि एक फळी. ज्वारी नाही, बाजरी नाही, गव्हाचं पीठसुद्धा धड नाही. मैद्याच्या पोळ्या करायची, त्या थंड झाल्या की चामड्यासारख्या व्हायच्या. बेसन एका गुजराती माणसाकडे मिळायचं, ते आलं की आठवडाभर पिठलं. खालून पर्लबाईच्या भाताचा वास यायचा, नारळाच्या दुधात राजम्यासारखे दाणे घालून केलेला. नारळाचा वास आला की आईचा जीव खाली जायचा हे मला दिसायचं, पण ती तोंडाला पदर लावायची. "त्यात काय घातलंय कोणाला ठाऊक." पर्लबाईनं दोनदा ताट वर पाठवलं. दोन्ही वेळा आईनं गोड हसून घेतलं आणि ती खाली गेल्यावर मला सांगितलं, "दत्या, नेऊन टाक मागे." पहिल्यांदा मी टाकलं. दुसऱ्यांदा मागच्या अंगणात भिंतीआड उभा राहून सगळं खाल्लं. फार चांगलं होतं.

आता कपाचं सांगतो. नाहीतर शालन म्हणायची तसं, मी हवापाण्यावरच बोलत राहीन.

पर्लबाई दर शनिवारी दुपारी ड्यूटी संपवून आली की वर यायची. दहा मिनिटं बसायची. पाय दुखायचे तिचे. आईचा आल्याचा चहा तिला आवडायचा. आईला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी नाही, मध्ये मी. तिच्यासाठी आईनं बाजारातून एक कपबशी आणली होती. पांढरी, निळी फुलं, काठाला सोनेरी रेघ. घरातलं सगळ्यात देखणं भांडं तेच. आम्ही तिघं स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायचो. आणि तो कप फळीवर आमच्या भांड्यांत ठेवायचा नाही. तो बाहेर, जिन्यातल्या खिडकीत, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर उपडा. पर्लबाई आली की मी तो सुलटा करून तिच्या हातात द्यायचा, आई वरून चहा ओतणार, भांड्याला भांडं लागू न देता, आणि चहा झाला की पर्लबाई जाताना स्वतःच तो विसळून खिडकीत परत उपडा ठेवणार. पहिल्या वेळी तिनं आपणहून विसळला, सभ्य बाई होती. मग तोच रिवाज झाला.

आमच्या गावाकडं गावकुसाबाहेरचं माणूस कामाला आलं की त्याची कपबशी गोठ्याच्या वळचणीला अशीच उपडी असायची. जात आम्ही समुद्रात टाकून आलो नव्हतो. बोचक्यात बांधून आणली होती, लोणच्याच्या बरणीबरोबर. आणि गंमत बघा, आप्पांच्या कारखान्यात गोरे कामगार त्यांच्या मगाला हात लावत नसत. आप्पांचा मग वेगळ्या खिळ्याला, त्यावर तांबड्या रंगाचा ठिपका. आप्पांनी हे घरी सांगितलं तेव्हा आई रडली. त्या गोऱ्यांचे तळपट होवो म्हणाली. म्हणाली आणि डोळे पुसून बाहेर जाऊन खिडकीतला कप नीट उपडा आहे का बघून आली.

मी पंधरा वर्षांचा होतो त्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की नळ फुटले. जिन्यातली खिडकी नीट लागत नसे. त्या शनिवारी पर्लबाई आली, चेहरा राखेसारखा, रात्रपाळी आणि वर दिवसपाळी करून आलेली. आई मागे अंगणात गोठलेले कपडे काढायला गेली होती, ते लाकडी फळ्यांसारखे झालेले असायचे. मी कप आणायला गेलो तर कप हलेना. विसळलेलं पाणी खाली साचून काठ बर्फानं खिडकीला चिकटला होता. जोर लावला असता तर फुटला असता. बाई थंडीनं कुडकुडत बसलेली. मी आप्पांचा पेला घेतला आणि त्यात चहा दिला. एवढंच केलं. काही मोठं मन वगैरे नव्हतं, कप निघत नव्हता म्हणून.

तिनं पेला रुमालात धरला, पोळत होता ना. दोन्ही हातांत धरून तोंडाशी नेला आणि डोळे मिटले. त्याच वेळी आई वर आली. आईनं बघितलं. हसली, कपडे ठेवले. पर्लबाई चहा संपवून, पेला विसळून, थँक्यू म्हणून खाली गेली.

ती सातव्या पायरीवर पोचायच्या आत आईनं सांडशी घेतली, पेला पकडला आणि शेगडीच्या जाळावर धरला. फिरवत होती, काठ, बूड, परत काठ. स्टील निळं पडायला लागलं. तोंडानं मला शिव्या चालू. "आप्पांचा पेला! अक्कल गहाण ठेवलीस का रे? जीभ टेकवली तिनं त्याला!" मी खाली मान घालून उभा. आणि वर बघतो तर पर्लबाई दारात. हातमोजे खुर्चीवर विसरली होती.

किती वेळ उभी होती मला माहीत नाही. ती पेल्याकडे बघत होती, मग आईकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, "दत्ता, तुझी आई काय करतेय?"

मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द आठवतं. म्हणालो, "आमच्यात मोठ्या माणसानं भांडं वापरलं की ते अग्नीला दाखवतात. मान असतो." ती बघतच राहिली. म्हणून मी अजून घातलं. "आणि तो फुलांचा कप आईनं फक्त तुमच्यासाठी ठेवलाय. दुसऱ्या कोणी त्याला शिवायचं नाही. आम्हीसुद्धा नाही."

आईनं विचारलं, "काय म्हणतेय?"

"काय करताय विचारतेय. मी सांगितलं पूजा आहे."

"शहाणा माझा तो," आई म्हणाली. इतक्या शिव्यांनंतर एकदम शहाणा. ते मला शिव्यांपेक्षा झोंबलं.

पर्लबाई म्हणाली, "असं होय." हातमोजे घेतले आणि गेली. रात्री आप्पांनी पेला निळा का पडला विचारलं, तर आई म्हणाली दत्यानं रिकामाच शेगडीवर ठेवला. मला दोन थोबाडीत बसल्या त्या वेगळ्या.

पुढच्या शनिवारी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. बसली आणि म्हणाली, "माझा कप?" तेव्हापासून ती नेहमी तसंच म्हणायची, माझा कप. चार वर्षांनी आम्ही वॉटफर्डला घर घेतलं. निघायच्या दिवशी आईनं सगळं भरलं, कप खिडकीतच ठेवला. पर्लबाई तो घेऊन खाली आली, विसरलात म्हणून. आई मराठीत म्हणाली, "मला काय करायचाय तो? ठेव तूच." मी इंग्रजीत म्हणालो, "आई म्हणते, हा तुम्हाला आठवण म्हणून." हे दुसरं खोटं.

परत त्या घरी मी कधी गेलो नाही. वॉटफर्डहून दोन बसचं अंतर. गेलो नाही. शालनला मात्र लग्न झाल्यावर एकदा सगळं सांगितलं होतं, का कोण जाणे, ती आल्याचा चहा करत होती तेव्हा. तिनं गाळणी खाली ठेवली. म्हणाली, "अहो, जाऊन या एकदा. त्या बाईला खरं सांगून या." दर वर्ष-दोन वर्षांनी म्हणायची. मी म्हणायचो, बघू. पन्नास वर्षं मी बघू म्हणालो.

म्हणून मेधानं ते बोलावणं वाचलं तेव्हा माझ्या मनात एकच आलं. शालननं यांना सांगितलं तर नसेल? जाताजाता मला अडकवून गेली काय? मेलेल्या बायकोवर संशय घेणारा माणूस कसा असतो, तर असा असतो, माझ्यासारखा. मेधाला मी काही बोललो नाही. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिची आजी तिच्यासाठी बेसनाचे लाडू वळणारी म्हातारी.

जूनमधली संध्याकाळ, लख्ख उजेड. मेधानं गाडी काढली. ग्रंथालयात शिरतानाच बॅगा काढून घेतल्या, कपाटात बंद. पेनसुद्धा आत न्यायचं नाही, पेन्सिल चालते म्हणाले. मी मेधाला म्हटलं, "बघ, आत आपल्याला लिहू देत नाहीत आणि सही मात्र घेणार." झालंच तसं. गळ्यात पट्टा घातलेली एक बाई लगेच कागद घेऊन आली, तुमचा आवाज रेकॉर्ड करून ग्रंथालयात कायमचा ठेवणार, हरकत नाही ना. मी म्हटलं, "आधी काय बोलतो ते ऐका, मग ठरवा ठेवायचा का." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

आत पंचवीस-तीस माणसं, खुर्च्या गोल मांडलेल्या, हातात वाइन. ती कलाकार मुलगी, नेओमी, चाळिशीची असेल, कानात मोठ्या पितळी रिंगा, हातांना कोळशाची काजळी अजून लागलेली. भिंतीवर तिनं त्या घराचा जिना काढला होता, कोळशानं, खऱ्याएवढा. मी पायऱ्या मोजल्या. बरोबर होत्या. त्याच्यापुढे टेबलावर त्या घरात राहून गेलेल्या भाडेकरूंच्या मागे राहिलेल्या वस्तू. एका आयरिश माणसाचा वस्तऱ्याला धार लावायचा पट्टा, कोणाचा तरी एक बूट, आणि मधोमध करड्या रंगाच्या उशीवर, लहान मुलाला निजवतात तसा, तो कप. सुलटा. सोनेरी रेघ तशीच. बाजूला पाटी, हात लावू नये. आणि कार्ड. मेधानं मला वाचून दाखवलं, मराठी करून. "'वरच्या मजल्यावरच्या बाईनी ही कप फक्त माझ्या आजीसाठी ठेवला होता. दुसऱ्या कोणी टच करायची परवानगी नव्हती.' बाबा! आमच्या आजीनी? हाऊ लव्हली."

माझं खोटं. शब्दाला शब्द. टाइप करून, उशीशेजारी.

नेओमी आली, माझा हात दोन्ही हातांत धरला. "मिस्टर दत्ता, तुमच्या मिसेसनी मला तीन वेळा लिहिलं होतं. त्या गेल्याचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं."

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं. आभार वगैरे राहिलं बाजूला.

तिनं फोनवर काढून दाखवलं. मेधानं वाचलं आणि तिला हसू आलं, रडूही. शालनचं इंग्रजी, मला ओळखू आलं. लिहिलं होतं, "कपाबद्दल माझे मिस्टर सांगतील. मी सांगणं बरोबर नाही. ते टाळतील. हवापाण्याचं बोलायला लागले की त्यांना थांबवा."

म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं. या खोलीत कोणाला काही माहीत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण उलटंच झालं. तिनं सांगितलं असतं तर मी नुसती मान डोलावून सुटलो असतो.

नेओमी म्हणाली, "आणि ही माझी आई." समोरच्या खुर्चीवर एक म्हातारी, जांभळी टोपी, काठी दोन पायांमध्ये. डोरीन. मी ओळखलं नसतं. पण तिनं वर बघितलं आणि ओळखलं, जिन्यात बसून बघायची तशीच बघितली. हात पुढे केला नाही. म्हणाली, "मामा गेली त्याला नऊ वर्षं झाली." मामा म्हणजे तिची आई, पर्लबाई. मला माहीत नव्हतं, म्हणालो. "कसं माहीत असणार," ती म्हणाली.

मग नेओमीनं सगळ्यांना सांगितलं की हे त्या घरात राहिलेले, आज आपल्यात आहेत, कपाची गोष्ट यांच्याकडून ऐकू. माझ्यापुढे माइक. मी उभा राहिलो. गुडघे धड नाहीत माझे, खुर्चीची पाठ धरली. मनाशी म्हटलं, दत्ता, यांना जे हवंय ते देऊन टाक. एका मेलेल्या बाईचं बरं नाव होतंय, दोन मेलेल्या बायकांचं. कोणाचं काय जातंय? आणि मी सुरुवात केली, "माझी आई पर्लबाईंना फार मानायची. त्यांचा कप..."

तेवढ्यावरच माणसं 'ऑ' करून विरघळली, कौतुकानं, मान एका बाजूला कलती करून. मेधाचे डोळे भरले. आणि डोरीन खाली बघत होती, काठीच्या मुठीकडे, कंटाळलेल्या माणसासारखी. हे तिनं फार वेळा ऐकलेलं होतं.

मला ते कौतुक सहन होईना. मी म्हटलं, "थांबा. हे खोटं आहे. मी पंधरा वर्षांचा असताना बोललेलं खोटं आहे हे."

मग सांगितलं. माझं इंग्रजी कारखान्यातलं, त्यात नाजूक शब्द नाहीत. कप बाहेर खिडकीत असायचा, आत घेत नव्हतो. चहा वरून ओतायची आई. पर्लबाई तो स्वतः धुवायची. पेला जाळावर का धरला तेही सांगितलं. कोणी वाइनचा घोट घेत नव्हतं. एक गोरा म्हातारा आपल्या बुटांकडे बघत होता. पट्टेवाली बाई मशीन चालू आहे का बघत होती.

नेओमी म्हणाली, "म्हणजे... तिला घाण समजायचे?"

"घाण नाही," मी म्हटलं. "घाण धुतली की जाते. आमच्यात याला वेगळा शब्द आहे. ते धुऊन जात नाही, म्हणून जाळायचं."

"आणि तुम्ही तिला सांगितलंत की तो मान आहे."

"होय."

ती कपाकडे बघत राहिली. मला वाटलं आता बाहेर जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण आवाज आला तो डोरीनचा. ती हसली. मोठ्यानं नाही, नाकातून.

"मामाला माहीत होतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही, मी त्यांना..."

"मामा काम कुठं करायची? हॉस्पिटलात. रोज हत्यारं उकळायची, चिमट्यानं धरून. भांडं आगीवर कशासाठी धरतात हे तिला तू शिकवणार होतास? खाली आली, हातमोजे टेबलावर टाकले आणि मला म्हणाली, वरची बाई माझ्या तोंडाचं जाळतेय. मी तिथंच होते."

"मॉम," नेओमी म्हणाली, "मग तू मला असं लिहू कसं दिलंस?"

"तुला ती गोष्ट आवडायची. मामानंच तुला सांगितली होती, तू लहान असताना. नातवंडाला दुसरं काय सांगायचं?"

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "मग त्या परत का आल्या? दर शनिवारी?"

डोरीननं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मीपण विचारलं होतं. ती म्हणाली, त्या मुलाला लाज वाटलीय. लाज वाटली नसती तर एवढं छान खोटं सुचलं नसतं. म्हणाली, बघू तो कधी येतो. तुम्ही वॉटफर्डला गेलात तरी म्हणायची. मग म्हणायची बंद झाली."

मी खाली बसलो. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत, तेवढं बरं केलं. नेओमीनं टेबलावरचं कार्ड उचललं, बघितलं, खिशात घातलं. त्या जागी काय ठेवायचं हे ती मला म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. सहीचा कागद मात्र मी मागून घेतला आणि सही केली. राहू दे तो आवाज तिथं.

जाताना मेधानं डोरीनला विचारलं, कुठं सोडू का. ती अजून त्याच घरात राहते. मला वाटलं नको म्हणेल, पण काठी उचलून ती निघाली. पुढे मेधाशेजारी बसली, मी मागे. वाटेत मेधा एकदाच बोलली, आरशात माझ्याकडे बघून, मराठीत, डोरीनला कळू नये म्हणून. "बाबा, आजीनी खरंच असं केली? माझी आजी?"

"तुझी आजी," मी म्हटलं. "आणि मी."

"आई माहीत होतं?"

"तुझ्या आईला माहीत होतं. तिला पटत नव्हतं."

तिनं नजर परत रस्त्यावर वळवली. इंडिकेटर टिकटिक करत राहिला.

घराला नवं दार आहे, निळं. वरची खिडकी आता प्लास्टिकची, घट्ट बसणारी. उन्हं अजून विटांवर होती. डोरीन उतरली, मेधाला थँक्यू डिअर म्हणाली, किल्ली शोधायला बराच वेळ लावला. मी काच खाली केली. मला वाटत होतं ती म्हणेल, या आत. आपल्यात म्हणतातच, दारापर्यंत सोडायला आलेल्याला. ती वळली आणि म्हणाली, "घर कुठं आहे ते तुला माहीत आहे. नेहमीच माहीत होतं." आणि दार लावून घेतलं.

याला आता तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत मी हे प्रकरण लिहीत बसलो आहे, आणि हे लिहिणं म्हणजेसुद्धा माझं बघू म्हणणंच आहे, हे मला कळतं. शालन असती तर वही काढून घेतली असती. म्हणून इथं थांबतो. मेधाला सांगितलेलं नाही, गाडी नको, बसनं जाईन. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. ठरवलं की मला खोटं चांगलं सुचतं. दार उघडेल की नाही माहीत नाही. उघडलं आणि तिनं बाहेरच उभं ठेवलं, तर उभा राहीन.